उसवलेलं की फाटलेलं

सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला की आधी दिसतो तो रंग. मधाचा रंग, तोही ताज्या मधाचा नव्हे, वर्षभर फडताळात राहून गडद झालेल्या मधाचा. उजेडाच्या त्या वाटोळ्या अंगणात प्रथम सगळी धूळच असते, काळे ठिपके, तुटक्या काड्या, कुठल्याशा पानाच्या सालीचे कपटे. मग बाजूचं बारीक चाक बोटाच्या टोकाने किंचित फिरवावं, आणि त्या गर्दीतून एक काटेरी, पारदर्शक, सोनेरी गोल सावकाश वर येतो. एका केसाच्या जाडीत सहज मावेल एवढासा, पण त्या क्षणी डोळ्यासमोर दुसरं काही उरत नाही. इतकी वर्षं हेच काम करते आहे, तरी तो वर येताना माझा श्वास थांबतोच, आणि थांबलेला श्वास सोडताना मी अजून शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहते.

हा सोनेरी गोल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. ऊन जिथवर झिरपतं तेवढ्या समुद्राच्या पाण्यात, एक पेशी हेच ज्यांचं सर्वस्व आहे असे काही जीव भिरभिरत असतात. शास्त्र त्यांना डायनोफ्लॅजेलेट म्हणतं. नाव घेताना जीभ अडखळते, पण जीव मोठा साधा. ऋतू प्रतिकूल झाला की तो स्वतःभोवती एक चिवट कोश तयार करतो, तळाच्या चिखलात जाऊन निजतो, आणि दिवस पालटले की कोशाला दार करून निघून जातो. कोश मागे राहतो. त्यावर गाळ साचतो, गाळाचा खडक होतो, समुद्र मागे हटतो, आणि कोट्यवधी वर्षांनी कुणीतरी त्या खडकाचा तुकडा कापडी पिशवीत भरून अंधेरीला आणतं! आम्ही अभ्यास करतो तो अशा रिकाम्या घरांचा. आणि गंमत अशी, की त्या घराचं कूळ ठरतं ते मुख्यतः त्याच्या दारावरून. भिंती किती, काटे कसे, उंची-रुंदी काय, हे सगळं मोजायचंच. पण राहणारा कुठून बाहेर पडला, माथ्यावरचं झाकण उचलून की पाठीची एखादी तबकडी सारून, हे कळेपर्यंत नाव ठरत नाही. निघून गेलेल्याची ओळख त्याच्या जाण्याच्या वाटेवरून पटवायची, अशी ही रीत. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि तिनेच पुढे मला चांगलं तोंडघशी पाडलं.

आमची प्रयोगशाळा अंधेरीच्या पूर्वेला, चढावरच्या एका महाविद्यालयात, वरच्या मजल्यावर. खिडकीतून समोर टेकड्या दिसत. त्यातल्या एका टेकडीचा अर्धा भाग खाणवाल्यांनी कधीच खाऊन टाकला होता. दुपारी तिथे सुरुंग उडाला की भिंगाखालचं चित्र थरथरायचं आणि मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. खोलीत आम्ही तिघं: आमचे सर, त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मी, आणि मदतनीस परबमामा. मामांचं खरं आयुष्य गिरणीत गेलेलं. संप झाला, गिरणीचं फाटक बंद झालं ते झालंच. मग कुणाच्या तरी ओळखीने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते आमच्याकडे तात्पुरत्या जागेवर लागले. राहायला कांजूरमार्गच्या चाळीत, मी मुलुंडची. त्यामुळे पवईच्या तलावाकाठून येणारी बस आम्हा दोघांची एकच. मी चढायचे तेव्हा बस रिकामी असे, कांजूरला मामा चढत, आणि माझ्या शेजारी जागा असली तरी दोन बाकं सोडून बसत. सरांसमोर मला 'बाई, तुम्ही' म्हणायचे आणि सर बाहेर गेले की 'बाय गे, तू'.

त्यांचं काम खडक विरघळवण्याचं. खडकाचा चुरा करून त्यावर आधी एक आम्ल, मग दुसरं. हे दुसरं इतकं जहाल की काचसुद्धा खातं, म्हणून सगळा कारभार प्लास्टिकच्या भांड्यांत. दगड विरतो आणि कोश उरतो, कारण त्या इवल्याशा जीवाने विणलेलं ते कवच आम्लालाही दाद देत नाही. मग पाण्याने धुणं, निवळू देणं, वरचं पाणी अलगद ओतून टाकणं, पुन्हा धुणं. चार-चार दिवस. मामा हे सगळं देवघरातली भांडी हाताळावीत तसं करत. शेवटी तो गाळ नायलॉनच्या अतिबारीक कापडातून गाळायचा असे, आणि ते कापड कड्यावर ताणून बसवण्याआधी मामा खिडकीशी नेऊन उजेडावर धरत, डोळे बारीक करून एकेक वीत तपासत. त्यांची सारी नोकरी गिरणीत तयार कापड तपासण्यात गेली होती. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून थानच्या थान सरकत जायचं, आणि डोळ्याने दोष टिपायचा, हा धंदा. आमच्या सूक्ष्मदर्शकालाही खालूनच दिवा! पहिल्यांदा नळीतून पाहिलं तेव्हा ते हसून म्हणाले, "ह्यां आमचाच टेबल आसा गे, नुसता ल्हान केलेला."

सरांच्या परवानगीने, जेवणाच्या सुट्टीत, मी त्यांना बघायला शिकवलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. शिकवायला काय होतं? आठ दिवसांत मामांनी स्वतःचं वर्गीकरण तयार केलं. लांब काट्यांचा, खेकड्यासारखा तो कुर्लो, आखूड खरखरीत तो फणस, डोक्यावर वेगळं झाकण असलेला टोपीवालो, दोन्ही टोकांना निमुळता तो शिंगाळो. मी लॅटिन नावांची जाडजूड पुस्तकं उघडून तासभर चाचपडायचे, आणि ते शेजारच्या स्टुलावरून सांगत, "टोपीवालोच तो. कालच्या काचेर दोन हुते." बहुधा बरोबरच असे. आई घरी चेष्टा करायची, जगातल्या किड्यांना नावं देत बसलीस, तुझं आडनाव कधी बदलायचं गं? मी हसण्यावारी न्यायचे. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत दुसरं काहीच नको होतं. दुपारचं तिरपं ऊन, खिडकीशी ताणलेलं कापड, मामांचं मालवणी पुटपुटणं आणि नळीतला तो मधाचा उजेड. सुख त्या वेळी असं शेजारी येऊन बसतं, आणि आपण त्याला बाजूला सरकून बस म्हणतो, कारण आपल्याला मोजमाप करायचं असतं!

आता ती चूक सांगते. भाद्रपदात मामा गणपतीला गावी गेले. कोकणातला माणूस गणपतीला थांबत नाही; नोकरी तात्पुरती असो की कायमची. जाताना मला बजावून गेले, कच्छचा करडा खडक तसाच ठेव, मी येऊन बघतो. पण तो खडक माझ्या प्रबंधाचा कणा, सरांचा तगादा मागे, आणि पंधरा दिवस मला दम निघेना. मीच आम्लं घातली, मीच धुतलं. गाळाला चिकटलेली माती सुटेना, म्हणून भांडं कंपनाच्या यंत्रात ठेवलं. मामा घड्याळ बघून दोन मिनिटं ठेवत. मी दहा मिनिटं ठेवलं. माती छान सुटली. मी स्वतःवर खूश होऊन काचा तयार केल्या.

आणि तिसऱ्या काचेवर तो दिसला. काटे ओळखीचे, भिंत दुपदरी, आकारही पाहिल्यासारखा, पण दार? दार पोटाच्या बाजूला, रुंद, आडवं! त्या कुळात असं दार कुणी पाहिलेलं नव्हतं. मी शोधत गेले, तसे आणखी सहा मिळाले. सातांपैकी पाचांना दार तिथेच. नवी जाती! संशोधकाच्या आयुष्यात हा क्षण कधी येईल याची वाट पाहत किती जण म्हातारे होतात, आणि मला तो सव्विसाव्या वर्षी, एका ओलसर दुपारी, कुणी जवळ नसताना मिळाला. आनंद सांगायला माणूस नव्हतं, याचंच तेव्हा मोठं दुःख वाटलं होतं.

मामा गावाहून परतले ते खाजं आणि कोकमं घेऊन. मी त्यांना पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही, थेट स्टुलावर बसवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि नळीला डोळा लावला. काच सरकवून दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग हलकेच म्हणाले, "बाय, ह्यां उसवलेला नाय. फाटलेला आसा." मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. गिरणीत थानाला थान जोडून शिवत, म्हणजे धुलाईच्या आणि रंगाच्या कुंडातून लांबच लांब पट्टा सलग जातो. मागाहून ते टाके उसवत. उसवलेली कड टाक्याच्या ओळीने जाते, सरळ येते, वळते तीही ठरल्या जागी. फाटलेली कड मन मानेल तशी धावते. कोशाचं खरं दारही तसंच असतं. त्याच्या तबकड्यांच्या शिवणी आधीपासून ठरलेल्या असतात आणि दार त्या शिवणीवरच उघडतं. हे मी पुस्तकात पानोपानी वाचलं होतं, परीक्षेत लिहून वर गुणही घेतले होते. आणि तरी मी काय म्हणाले? "मामा, हे काय कापड आहे का?" असं म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणालेच. ते "बरा" एवढंच बोलून उठले, आणि भांडी विसळू लागले.

आज ते "बरा" आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. तेव्हा मात्र मला त्यात एका साध्या माणसाची माघार दिसली. माझं चुकलं ते अज्ञानामुळे नव्हे, हे मी स्वतःला वारंवार सांगितलं आहे. अज्ञान परवडलं असतं. मला ती नवी जाती हवी होती. आणि तोवर तिचं नावही माझ्या मनात ठरून गेलं होतं.

नाव द्यायची आमच्यात एक रीत आहे. जो जाती वर्णन करतो त्याने तिला स्वतःचं नाव द्यायचं नाही. तो असभ्यपणा समजला जातो. गावाचं द्यावं, आकाराचं द्यावं, किंवा ज्याचे आपल्यावर उपकार आहेत त्याचं आडनाव घेऊन त्याला लॅटिन शेपूट जोडावं. मी ठरवलं, मामांचं नाव. 'परबिआय'. कारण त्याच सुमारास त्यांचं गावी जायचं ठरत होतं. छातीत आम्लाच्या वाफांनी खोकला धरला होता, चाळीतली खोली धाकट्या भावाला द्यायची होती. आणि कधीतरी बोलता बोलता ते म्हणाले होते, गिरणीत त्यांना नावाने कुणी ओळखतच नसे. "थंय माका बिल्ल्याच्या नंबरान हाक मारीत." तीस वर्षं! ज्याच्या डोळ्याखालून साऱ्या मुंबईच्या अंगावरचं कापड गेलं, त्याचं नाव गिरणीला ठाऊक नसावं? मला वाटलं, मी देईन याला नाव. असं नाव, की खडक आहेत तोवर पुसलं जाणार नाही. सरांना विचारलं तेव्हा ते चष्म्याआडून पाहत म्हणाले, "नाव कुणाचंही दे गं, मोजमाप चोख दे म्हणजे झालं." मोजमाप मी चोख दिलं. लांबी, रुंदी, काट्यांची उंची, भिंतीचे पदर. शाईने शंभरदा आकृती काढली. सातांतला सर्वांत देखणा कोश निवडून त्याच्याभोवती काचेवर बारीक वर्तुळ आखलं, हा त्या जातीचा मूळ नमुना. दार रुंद, पोटाकडे, आडवं, असं लिहिलं. त्याची कड जराशी वेडीवाकडी आहे हे मला दिसत होतं. आकृती काढताना मी ती सरळ केली. हे मी आजवर सरांनाही सांगितलेलं नाही; एक पत्र सोडलं तर तुम्हालाच सांगते आहे.

निबंध छापून आला तो मामांच्या शेवटच्या आठवड्यात. निरोपाला सरांनी नारळ आणि शाल दिली, मी निबंधाची प्रत. मामांना इंग्रजी वाचता येत नसे. मी त्यांचं बोट धरून लॅटिन नावाच्या त्या तिरक्या अक्षरांवर ठेवलं. म्हटलं, हे तुम्ही. हे आता जगभर. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग पान उलटून आकृती पाहिली, माझी ती सरळ केलेली कड पाहिली, आणि विचारलं, "माझा नाव... ह्याच्यार?" मी भरल्या डोळ्यांनी मान हलवली.  त्यांनी प्रत दोनदा घडी घालून शर्टाच्या आत, छातीशी ठेवली. मला वाटलं, माणूस भारावला. घरी जाऊन आईला मी तसंच सांगितलं.

मग ते गेले, आणि खोलीत त्यांच्या जागी दुसरा मदतनीस आला. चांगला मुलगा, वेळेचा पक्का. पण कापड कधी उजेडावर धरून बघत नाही. बसमध्ये कांजूरमार्ग आलं की मी अजून दोन बाकं मागे वळून पाहायचे. माणसाची सवय किती खोल जाते, हे तो माणूस असताना कळत नाही. मला त्यांच्या खोकल्याची आठवण यायची, कुर्लो-फणसाची यायची, दुपारच्या सुरुंगाला त्यांनी हासडलेल्या शिवीची यायची. दिवाळीला मी पत्र टाकायचे, संक्रांतीला त्यांचं उत्तर यायचं: आंबा मोहरला, खोकला कमी आहे, सुनेला मुलगा झाला. त्या निबंधाबद्दल एकदाही एक अक्षर नसे. मी मनात म्हणायचे, संकोची माणूस.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीला शिकवण्यासाठी चांगली छायाचित्रं हवी होती, म्हणून त्याच करड्या खडकाचा उरलेला तुकडा मी बाहेर काढला. घाई नव्हती. का कोण जाणे, त्या वेळी मला सगळं मामांच्या हाताने करावंसं वाटलं. चार दिवस धुतलं. कापड खिडकीशी नेऊन पाहिलं. कंपनयंत्र दोनच मिनिटं लावलं, ते बंद झाल्यावर उगाच जरा थांबले, मामाही थांबत म्हणून. काच लावली. तेच कोश वर आले, तेच काटे, तीच दुपदरी भिंत. बारा मोजले. एकाच्याही पोटाला दार नव्हतं. दार माथ्यावर होतं; झाकण जागचं न सुटता एका कडेने जेमतेम उचललेलं, शिवणीने सरळ, ठरल्या जागी वळलेलं. इतकं अरुंद, की पोटाकडचं मोठं भोक समोर असताना तिकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. टोपीवालो! शंभर वेळा पाहिलेला, पुस्तकात जुन्या नावाने नीट नोंदवलेला, ओळखीचा टोपीवालो. पोटाशी त्याची भिंत पातळ असते. दहा मिनिटं हादरवली तर ती तिथेच फाटणार. मी दार म्हणून जे जगाला दाखवलं होतं, ते माझ्या उतावीळ हातांनी पडलेलं भगदाड होतं.

त्या दिवशी मी खोलीत किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. पहिला विचार विज्ञानाचा आला असं मी म्हणाले, तर ते खोटं होईल. पहिला विचार आला तो मामांच्या नावाचा. मी खरं बोलले की त्यांचं नाव बुडालं. आमच्या शास्त्रात असंच होतं. एकाच जातीला दोन नावं पडली की आधीचं राहतं, नंतरचं जातं. आणि न बोलले तर? हा विषय जाणणारी सारी माणसं आमच्या पवईच्या बसमध्ये बसवली तरी जागा उरेल. कुणाला पत्ता लागला असता? ते नाव सुखाने राहिलं असतं. मी दिलेलं, त्यांनी छातीशी ठेवलेलं. तीन आठवडे मी त्या बारा कोशांची काच खणात ठेवून वावरले. जेवण गोड लागेना. आई म्हणायची, कोणी मेलंय का?

पण दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती मला झोपू देईना. मामांनी ते पहिल्या नजरेत ओळखलं होतं. पुस्तकं, पदव्या, सर, मी, आम्हा कुणाला दिसलं नाही ते त्यांना दिसलं होतं, आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. त्यांचं नाव जगभर गेलं होतं ते नेमकं त्यांनी नाकारलेल्या गोष्टीवर चिकटून! मला त्यांना मान द्यायचा होता, आणि मी त्यांच्या नजरेचाच अपमान करून ठेवला होता. नाव राखायचं तर ती नजर कायमची पुसावी लागेल. नजर राखायची तर नाव माझ्याच हाताने बुडवावं लागेल. दोन्ही कसं साधणार?

शेवटी मी दुरुस्तीची टीप लिहिली. दोनच पानांची. त्यात दोन वाक्यं अशी: हे छिद्र म्हणजे दार नसून फाटल्याची खूण आहे, हे आमच्या प्रयोगशाळेतील सहकारी श्री. परब यांनी नमुने प्रथम पाहिले त्याच दिवशी ओळखले होते. लेखिकेने ते मानले नाही. सरांनी कच्चा मसुदा वाचला, पेन्सिल त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर ठेवून म्हणाले, "अगं, हे एवढं लिहायलाच हवं का? चूक झाली, सुधारली, पुरे." मी म्हटलं, "हवंच आहे, सर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खिशात ठेवली.

बुडालेली नावं आमच्यात पुसली मात्र जात नाहीत, एवढा दिलासा मला होता. खऱ्या नावाखाली, बारीक टायपात, ती कायम उभी राहतात. आणि त्या कुळात तेच नाव पुन्हा दुसऱ्या कुणालाही देता येत नाही. त्यांची जागा त्यांचीच राहते. टीप छापून आली तशी मी ती मामांना पाठवली, सोबत मराठीत सगळा वृत्तान्त लिहिला, दहा मिनिटांचा, सरळ केलेल्या कडेचा, आणि माफी मागितली. पत्र पेटीत टाकल्यावर हात रिकामे झाले, आणि मी पोस्टासमोरच्या उन्हात वेड्यासारखी उभी राहिले. माझ्याकडून त्यांना देण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

उत्तर या पौषात आलं, संक्रांतीच्या आधीच. साधं कार्ड, सुनेच्या हातचं. तिने वर लिहिलं होतं की मामंजी जसं बोलले तसंच उतरवते आहे.

"बाय, कागद गावलो. सुनेन वाचून दाखवल्यान. नाव गेला म्हणान वायट वाटून घेव नको. फाटक्या कापडार आमी कधी शिक्को मारूक नाय. त्या दिवशी तू माझा बोट थंय ठेवलंस तेवापासून तां माका सलत हुता. पण इतक्या मायेन दिलंस, फाटलेला आसा म्हणान परत कसा करतलंय? आता तुका दिसला मां, माका पुरे झाला."

मी ते कार्ड वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. तीन वर्षं त्या माणसाने माझी चूक छातीशी घडी घालून ठेवली होती, आणि मी तिला त्याचा संकोच म्हणत आले होते. मला ते आत्ता इथे हवे होते, या स्टुलावर. बोलायलाही नकोत, नुसतं चष्मा वर सारून बघायला. अशा वेळी अंतर किती असतं! चढावरून दिसणाऱ्या त्या खाल्लेल्या टेकडीच्या कितीतरी पलीकडे, नद्या ओलांडून, खाड्या ओलांडून, कुठल्याशा आंब्याखाली माझा एकमेव परीक्षक बसला आहे.

काल नव्या खडकात एक कोश मिळाला आहे. लांबट, बिनकाट्याचा, पाठीकडे उघडलेला. पुस्तकांत सापडत नाही. मी त्याच्या दाराची कड पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग कोऱ्या कागदावर ती वीतभर मोठी करून काढली, जशी आहे तशी, प्रत्येक वेडंवाकडं वळण जागच्या जागी ठेवून. खाली फक्त एक प्रश्न लिहिला. आज सकाळी पाकीट पोस्टात टाकलं. उत्तर यायला पंधरा दिवस लागतील. तोवर सरांना सांगितलं आहे, की या जातीचं वर्णन मी अजून सुरू केलेलं नाही.